आकडे मनगटावर उतरवताना या चुका टाळा

आई रोज संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीला फेऱ्या मारते, मी तेव्हा ऐरोलीत कामावर असते. तिच्या मोबाइलने मोजलेली पावलं मला स्पर्शाने कळावीत म्हणून मी कंपनाचा पट्टा बनवला. पहिले दोन वाया गेले.

मोटर थेट आर्डुइनो उनोच्या (पट्टा चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाच्या) पिनला जोडू नका. नाण्याएवढी कंपन-मोटर सहज 70-80 मिलिअँपिअर ओढते, त्या पिनची कमाल मर्यादा 40 आहे. माझा बोर्ड दर ठोक्याला रीसेट व्हायचा आणि मी कोडमधली चूक शोधत बसले. मध्ये ट्रान्झिस्टर हवा, म्हणजे पिनच्या छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग. मोटर बंद होताना उलटा झटका देते, म्हणून तिच्या दोन टोकांवर डायोडही (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, त्यावरच्या पट्टीची बाजू प्लसकडे.

खरी गल्लत पुढे होते. आपण आकडा जसाच्या तसा पाठवतो: 2300 पावलं, शंभराला एक म्हणजे 23 ठोके. कोण मोजणार? सलग थरथर ठेवली तर आणखी वाईट, कारण कातडी सरावते. हातातल्या बांगड्या दिवसभर कुठे जाणवतात? जोर कमी-जास्त करूनही भागत नाही, या मोटरमध्ये जोर आणि वेग एकत्रच बदलतात. लय बदला, ती लगेच कळते. आता दर 500 पावलांना एकच लांब ठोका येतो, आणि तो मला पुरतो.

मनगटाभोवती चार मोटरी लावायचा मोहही आवरा. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरचे दोन स्पर्श वेगळे कळतात. मनगटापासून वर हातावर मात्र तीन-चार सेंटिमीटर अंतर लागतं.

टेबलावरची चाचणी धरू नका. ठाणे-वाशी लोकलमध्ये दांड्याला धरून उभं राहा. गाडीच्याच हादऱ्यात छोटे ठोके विरून जातात. घामाने दुतर्फी टेप सुटते, मोटर कातडीपासून किंचित उचलली जाते आणि पट्टा बिघडल्यासारखा वाटतो. मोटर पट्ट्यात शिवून टाका.

दुसऱ्याची माहिती असेल तर आधी विचारा. आई म्हणाली, "कौपिनेश्वराच्या देवळात शिरले की बंद ठेवीन हं." म्हणून बंद करायचं बटण तिच्याच मोबाइलवर आहे.

एका संध्याकाळी मनगट पाऊण तास गप्प होतं. घाबरून फोन केला. ती बाकावर मैत्रिणींशी बोलत बसली असेल असं वाटलं होतं, पण ती चालतच होती. तिचं नेट गेलं होतं. तेव्हापासून संपर्क तुटला की पट्टा दोन बारीक ठोके देतो, आणि तिने स्वतः बंद केला की तीन.