राय व्हिस्कीची तुलना: आधी पाणी मोजा
दोन अमेरिकन राय (राय या धान्यापासून केलेल्या व्हिस्की) शेजारी ठेवून चाखल्या की एक जास्त तिखट वाटते, पण बरेचदा तो राय धान्याचा गुण नसतो, जास्त अल्कोहोलचा चटका असतो. रिटनहाऊस ही राय ५० टक्के अल्कोहोलची, बुलेट राय ४५ ची. म्हणून दोन्ही एका पातळीवर आणा.

१. १८ मिली रिटनहाऊसमध्ये २ मिली पाणी घाला. औषधाची बिनसुईची सिरिंज यासाठी उत्तम.
२. तशाच दुसऱ्या ग्लासात २० मिली बुलेट घ्या. बर्फ नको.
३. आधी वास, मग छोटा घोट.

आता कळेल तो फरक धान्याचा आणि व्हिस्की मुरवण्याच्या लाकडी पिंपाचा: अमेरिकन कायद्याने राय व्हिस्की म्हणवायला धान्याच्या मिश्रणात ५१ टक्के राय पुरते, बुलेटमध्ये ९५ टक्के आहे.

एका बैठकीत तिसरी व्हिस्की चाखू नका, जीभ बधिर होते.