विंडोज ११ टाकण्याआधी: छोट्या ऑफिससाठी तयारीची यादी

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टॅक्स कन्सल्टंट, डीटीपीवाले, सेवा केंद्रं, पतसंस्था अशा ठिकाणची माणसं त्यामुळे नाइलाजानं विंडोज ११ वर चालली आहेत आणि तिथं पोचल्यावर वैतागत आहेत. हा वैताग अगदी रास्त आहे. काल चालणारा प्रिंटर आज दिसत नाही, शेजारच्या मशीनवरचं फोल्डर उघडत नाही, आणि वर "तुमच्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल" हेही ऐकून घ्यावं लागतं. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. एवढं मोठं अपग्रेड आलं की त्यात बग निघतात, हे गृहीत धरूनच तयारी करावी. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: परतीची वाट आधी पक्की करा आणि मगच इन्स्टॉलचं बटण दाबा.

सगळ्यात आधी घाई खरंच आहे का ते पाहा. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असलेल्या घरगुती मशीनना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं ठेवली आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये नोंदणीचा पर्याय दिसतो. मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्ज सिंक केली तर ते मोफत आहे, नाहीतर ३० डॉलर किंवा १,००० रिवॉर्ड पॉइंट लागतात. डोमेनला जोडलेल्या कंपनीच्या मशीनना ही सोय लागू नाही. ज्यांना ती मिळते त्यांनी नोंदणी आधी करून टाकावी आणि अपग्रेडची तारीख स्वतः ठरवावी.

तारीख ठरवताना कॅलेंडर समोर घ्या. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी. या तारखांच्या मागेपुढे मशीनला हात लावू नका. शनिवारी रात्री अपग्रेड लावून रविवारी निवांत बघू, असा अनेकांचा बेत असतो. मला तो पटत नाही. रविवारी डिजिटल सहीचं टोकन देणारा फोन उचलत नाही, अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा पार्टनर उचलत नाही, आणि सोमवारी सकाळी पक्षकार दारात उभा असतो. २० तारीख उलटल्यावरचा मंगळवार किंवा बुधवार उत्तम. सुरुवात एकाच मशीननं करा, आणि तेही ज्याच्यावाचून दोन दिवस ऑफिस चालेल अशा मशीननं.

मशीन पात्र आहे का, हे मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक सांगतं. टीपीएम २.० (मदरबोर्डावरची सुरक्षेची सोय), सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर, अशी अट आहे. टीपीएम नाही असा निरोप आला तरी लगेच नवं मशीन घ्यायला धावू नका. पुष्कळ मदरबोर्डांवर ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलवर ते पीटीटी नावानं सापडतं, एएमडीवर एफटीपीएम नावानं. जुनं विंडोज ३२ बिटचं असेल तर मात्र वरच्या वर अपग्रेड होत नाही, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच आहे. तिथं फॉरमॅटच मारावा लागतो आणि सगळी सॉफ्टवेअर नव्यानं टाकावी लागतात. अट चुकवून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या बाजारात सर्रास चालतात. कामाच्या मशीनवर त्या करू नका. पुढे एखाद्या अपडेटला मशीन अडलं तर कोणाकडे दाद मागता येणार नाही.

बायोसला हात लावायच्या आधी एक काम करा, कारण इथं चुकलं तर अख्खी डिस्क बंद होऊ शकते. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का ते बघा. गेल्या काही वर्षांत घेतलेल्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असतं, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमधलं काही बदललं की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. एखादं अपडेटही हे करू शकतं. मे २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज १० ची काही मशीन अशीच अडली होती. ही की मशीन पहिल्यांदा सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं, त्या खात्यात जपलेली असते. आपल्याकडे ते खातं बऱ्याचदा मशीन बसवून देणाऱ्या मुलाचं किंवा नोकरी सोडून गेलेल्या ऑपरेटरचं निघतं. म्हणून आजच खातं उघडून की बघा, तिची प्रिंट काढा आणि ऑफिसच्या कपाटात ठेवा. ती फक्त त्याच कॉम्प्युटरवर सेव्ह करून काही उपयोग नाही.

बॅकअप घ्या, हे सगळेच सांगतात. का घ्यायचा, ते २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. विंडोज १० चं १८०९ हे मोठं अपडेट २ ऑक्टोबरला आलं आणि काही जणांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फायलीच उडाल्या. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलं होतं, पण काही फायली जुन्या जागीच राहिल्या होत्या, त्यांची ती जुनी जागा अपडेटनं निरुपयोगी समजून पुसून टाकली. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावं लागलं. दुरुस्त होऊन ते परत यायला १३ नोव्हेंबर उजाडला. त्या लोकांची चूक काहीच नव्हती. सी ड्राइव्ह भरला म्हणून डेटा डी वर नेणं हे तर शहाणपणाचंच काम.

तेव्हा एक्स्टर्नल डिस्कवर प्रत घ्या, ती डिस्क काढून ठेवा, आणि त्यातल्या चार फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर विसंबू नका. कॉपी करताना माणसं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आठवणीनं घेतात, पण टॅलीचं डेटा फोल्डर, आउटलुकमधले मेल साठवणारी पीएसटी फाइल, ब्राउझरमधले पासवर्ड आणि ऑफलाइन रिटर्न युटिलिटीत अर्धवट भरून ठेवलेली रिटर्न्स राहून जातात. फॉरमॅट मारणार असाल तर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा. अपग्रेड झाल्यावर वनड्राइव्हनं डेस्कटॉप आपल्याकडे वळवून घेतला आहे का, तेही तपासा. त्यातली मोफत जागा फक्त ५ जीबी आहे. ती भरली की सिंक थांबतं, आणि कोणती फाइल कुठं आहे याचा घोळ सुरू होतो.

आता मराठी टायपिंग. इंग्रजी मार्गदर्शकांत याबद्दल एक ओळही सापडत नाही, म्हणून इथं जरा सविस्तर सांगतो. श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारखी पॅकेजेस कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर यांच्यामध्ये स्वतःचा प्रोग्रॅम बसवून अक्षर बदलतात, आणि काहींना डोंगलही (कॉम्प्युटरला लावायची लायसन्सची चावी) लागतो. विंडोज बदललं की आधी डोंगलचा ड्रायव्हर कुरकुरतो. मग टायपिंग उघडतं, पण पडद्यावर रोमन चिन्हांचा गुंता उमटतो. कंपनीकडे विंडोज ११ वर चालणारी आवृत्ती आहे का, हे फोन करून आधीच विचारा. सेटअपची सीडी किंवा फोल्डर हाताशी ठेवा आणि फॉन्टच्या फायली वेगळ्या कॉपी करा. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंकाची पानं असं जे जुनं काम पुन्हा लागणार आहे, त्याची पीडीएफ जुन्या मशीनवरच करून घ्या.

युनिकोडवाल्यांनाही एक अडचण येते. विंडोज १० पासून मंगल हा फॉन्ट मूळ संचातून काढून देवनागरीच्या पूरक फॉन्टांमध्ये ठेवला आहे. कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्टही तिथंच आहेत. कोऱ्या इन्स्टॉलनंतर मंगलमध्ये टाइप केलेलं पत्र उघडलं की ते निर्मला फॉन्टमध्ये दिसू शकतं. ओळींची उंची बदलते, एका पानाचा ठराव दीड पानावर जातो आणि सहीची जागा दुसऱ्या पानावर उतरते. उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडा किंवा ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घ्या. त्याच वेळी कीबोर्डही निवडता येतो. इनस्क्रिप्टबरोबर मराठी फोनेटिक हा पर्याय २०१९ पासून विंडोजमध्येच आहे.

पेजमेकरवर काम करणाऱ्या छापखान्यांना माझा सल्ला वेगळा आहे. त्याची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची आहे. ते सॉफ्टवेअर विंडोज ११ वर रेटायचा प्रयत्न करू नका. जुनं मशीन आहे तसं ठेवा, त्याची नेटची वायर काढा आणि नेटची कामं नव्या मशीनवर न्या.

सगळ्यात जास्त मनस्ताप डीएससी टोकनचा, म्हणजे डिजिटल सही साठवलेल्या यूएसबी टोकनचा, होतो. टोकनचा दिवा लागतो, पिन स्वीकारला जातो आणि सही करायच्या खिडकीत सर्टिफिकेटची यादी रिकामी दिसते. समोर शेवटची तारीख असते. माणूस टोकन काढतो, पुसतो, दुसऱ्या पोर्टला लावतो, ड्रायव्हर परत टाकतो, काही फरक पडत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या सुरक्षा अपडेटनं हे अनेकांच्या वाट्याला आणलं. स्मार्ट कार्डवरची सर्टिफिकेट विंडोजनं कोणत्या पद्धतीनं वाचायची ते त्या अपडेटमध्ये बदललं, आणि जुन्या पद्धतीवर बेतलेल्या ३२ बिट प्रोग्रॅमना कार्ड ओळखता येईना. कागदपत्रांवर सह्या होईनात. मायक्रोसॉफ्टनं ही अडचण मान्य केली आणि रजिस्ट्रीतला (विंडोजच्या आतल्या सेटिंगमधला) उपायही दिला, पण तोवर कित्येकांनी चांगलं टोकन खराब झालं असं समजून डोक्याला हात लावला असेल. म्हणून टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलवर सही करायला लागणारी एमसायनर, एमब्रिज यांची ताजी आवृत्ती अपग्रेडआधी डाउनलोड करून ठेवा. टोकनचा पिन लिहिलेला असू द्या, कारण ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं. एका जुन्या लॅपटॉपवर सही चालू स्थितीत राखून ठेवा आणि पहिला महिनाभर त्याला अजिबात छेडू नका. सेवा केंद्रात अंगठ्याचं मशीन असेल तर ते चालवणाऱ्या आरडी सर्व्हिस या प्रोग्रॅमलाही हेच लागू.

प्रिंटर शेअर केलेला असो वा फोल्डर, छोट्या ऑफिसातली सगळी जोडाजोड बिनपासवर्डाची असते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो मशीनवर नेटवर्कवरून फायली शेअर करण्याचा प्रत्येक व्यवहार मशीननं आपोआप केलेल्या सहीनिशी (याचा डीएससीशी संबंध नाही) व्हावा अशी सक्ती आली, आणि पाहुणा म्हणून पासवर्डाशिवाय आत शिरणं बंद झालं. परिणामी कोपऱ्यातल्या ‘सर्व्हर’ मशीनवरचा टॅलीचा डेटा एका सकाळी उघडेनासा होतो. यावर सांगितला जाणारा झटपट उपाय म्हणजे ही सुरक्षाच बंद करणं. तो टाळा. सर्व्हर मशीनवर पासवर्ड असलेलं एक वेगळं युजर खातं उघडा, फोल्डरला त्या खात्याची परवानगी द्या आणि बाकीच्या मशीनवर तेच नाव-पासवर्ड एकदा साठवा. नेटवर्कवर फायली साठवायची जुनी पेटी किंवा स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकणारं मोठं झेरॉक्स मशीन असेल तर ते नव्या पद्धतीला जमतं का, हे त्याच्या सर्व्हिसवाल्याला विचारा. प्रिंटरचे ६४ बिट ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. डॉट मॅट्रिक्सवर पावत्या छापत असाल तर कागदाचा मापही लिहून ठेवा, तो नव्यानं भरावा लागू शकतो.

विंडोज अपडेट तुमच्या मशीनला नवी आवृत्ती दाखवत नसेल, तर थांबा. ज्या मशीनवर एखादा बग माहीत झालेला असतो तिथं मायक्रोसॉफ्ट अपडेट रोखून धरतं. २४एच२ च्या वेळी काही गेम, काही ड्रायव्हर आणि काही स्कॅनर यांच्यामुळे असं रोखलं होतं. अशा वेळी आयएसओ, म्हणजे विंडोजच्या पूर्ण सेटअपची फाइल, आणून जबरदस्तीनं अपग्रेड करणं म्हणजे तो अडसर ओलांडून बग घरात घेणं.

रिकव्हरीचा पेनड्राइव्ह आधीच बनवून बाजूला ठेवा. ऑक्टोबर २०२५ च्याच अपडेटनंतर रिकव्हरीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस मेले होते. दुरुस्ती २० ऑक्टोबरला आली. मधल्या काळात मशीन अडकलेल्यांना आधी बनवलेल्या अशा पेनड्राइव्हचाच आधार होता.

अपग्रेड झालं की स्टार्ट मेनू मधोमध आला, राइट क्लिकचा मेनू बदलला, यावर पहिला दिवस घालवू नका. त्याची सवय होते, सेटिंगही सापडतं. आधी कामं तपासा: एक प्रिंट, एक स्कॅन, एक सही, एक मराठी पत्र, शेअर फोल्डरमधली एक नोंद. जे अडेल त्याच्या एररचा मोबाइलवर फोटो काढा आणि शेजारी विंडोजची आवृत्ती व शेवटच्या अपडेटचा केबी क्रमांक (प्रत्येक अपडेटला असलेला नंबर) लिहा. "चालत नाही" एवढ्या तक्रारीनं समोरचा हात झटकतो, या तीन गोष्टी दिल्या की त्याला उत्तर द्यावंच लागतं. प्रीव्ह्यू म्हणून येणारी ऐच्छिक अपडेट्स घेऊ नका, आणि नवं फीचर लगेच मिळवायचा स्विच बंद ठेवा.

सेटिंग्जमधलं गो बॅक हे बटण अपग्रेडनंतर फक्त १० दिवस चालतं. त्यासाठी सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड हे फोल्डर शाबूत लागतं, तेव्हा जागा मोकळी करायच्या नादात ते पुसू नका. १० दिवसांत जीएसटीचा एक महिनाही पुरा होत नाही, आणि खऱ्या अडचणी रिटर्न भरतानाच कळतात. म्हणून पहिल्याच दिवशी तुमच्या हार्डवेअरवाल्याकडून विंडोजमधली डिस्म (DISM) ही कमांड वापरून ही मुदत ६० दिवसांची करून घ्या. १० दिवस उलटल्यावर ती वाढवता येत नाही. पहिल्या मशीनवर एक ११ तारीख आणि एक २० तारीख सुरळीत पार पडली, की दुसऱ्या मशीनचं बघा.