कंपायलरची तुलना करताना: आयर्विन पुलाच्या नोंदींवर एक प्रयोग

सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी फुटा-इंचांत सांगितली जाते. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असते. अशा लाखो नोंदींची बेरीज करणारा सी भाषेतील छोटा प्रोग्रॅम जीसीसी आणि क्लँग या दोन कंपायलरांच्या, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरच्या सूचनांत बदलणाऱ्या साधनांच्या, तुलनेला पुरेसा आहे.

आधी दोन्हींच्या आवृत्त्या पाहाव्यात. उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीसोबत येणारा जीसीसी ११ ‘ओ२’वर (प्रोग्रॅम वेगवान करण्यासाठी कंपायलरने किती खटपट करावी, हे सांगणारी एक पातळी) व्हेक्टरायझेशन, म्हणजे एकाच सूचनेत अनेक संख्यांवर क्रिया, आपणहून करत नाही. क्लँग त्याच पातळीवर ते करतो. त्यामुळे दोघांनाही ‘ओ२’ देऊन क्लँगला विजयी ठरवणे, ही माझ्या मते तुलनाच नव्हे. जीसीसी १२ पासून ‘ओ२’वर ते सुरू झाले, पण तेही हात राखूनच, म्हणून दोघांनाही ‘ओ३’ ही वरची पातळी द्यावी.

खरी गंमत नोंद साठवण्यात आहे. ४० फूट ३ इंच ही पातळी ४०.२५ अशी दशांशात ठेवली, तर बेरजेचा क्रम बदलल्यास शेवटचे अंक बदलू शकतात, म्हणून ‘ओ३’वरही कंपायलर एकेक संख्याच मिळवत जातो. ‘फास्ट-मॅथ’ या पर्यायाने क्रम पाळण्याची ही अट सुटते, परंतु हुकलेल्या नोंदीच्या जागी ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ अशी खूण) ठेवले असेल, तर ते ओळखणारी तपासणीच कंपायलर काढून टाकू शकतो. तीच पातळी ४८३ इंच अशी पूर्णांकात ठेवावी. क्रमाचा प्रश्नच उरत नाही. ‘मार्च=नेटिव्ह’ (याच संगणकाच्या प्रोसेसरसाठी सूचना तयार कर) हा पर्याय दिल्यास एव्हीएक्स२ (अनेक संख्या एकदम हाताळणाऱ्या सूचनांचा संच) असलेल्या प्रोसेसरच्या २५६ बिटांच्या रजिस्टरात, म्हणजे त्याच्या आतल्या साठवणीच्या जागेत, ३२ बिटांच्या ८ नोंदी एकदम मावतात. मात्र अशी तयार झालेली प्रोग्रॅमची फाइल एव्हीएक्स२ नसलेल्या जुन्या संगणकावर नेली, तर प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो.

मोजताना बेरीज छापावी, नाहीतर निकाल कुठेच वापरला जात नाही हे पाहून कंपायलर बेरजेचा सगळा लूपच (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) गाळतो आणि वेळ शून्याच्या जवळ दिसतो. लॅपटॉप चार्जरवर ठेवावा (वीज गेली, तर मोजणी पुन्हा करावी) आणि दहा फेऱ्यांतील मधली वेळ धरावी.

नोंदी कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान साठवणीत, मावेनाशा झाल्या, की प्रोसेसर मेमरीची वाट पाहू लागतो आणि दोन कंपायलरांतील फरक पुसट होतो. तेव्हा कंपायलर बदलण्याऐवजी नोंद १६ बिटांत साठवून जागा निम्मी करून पाहावी. बेरीज ज्यात साठते तो चल मात्र ६४ बिटांचाच ठेवावा.