वर्गात गाणं घेताय? या चुका टाळा

गाणं सुरू झालं की निम्मा वर्ग ओरडतो, दोन-चार जण तोंड मिटून बसतात आणि संध्याकाळपर्यंत बाईंचा घसा बसतो. पहिली-दुसरीच्या वर्गात असं झालं की खापर मुलांवर फुटतं. खरं तर बहुतेक वेळा पट्टी, म्हणजे गाणं ज्या उंचीच्या सुरावर उचललं ती उंची, चुकलेली असते.

आपल्या गळ्याच्या सोयीची पट्टी

मोठ्यांना खालच्या सुरात गाणं सोपं जातं, म्हणून आपण गाणं खालूनच उचलतो. मीही कितीतरी वर्षं हेच करत होते. सहा-सात वर्षांच्या मुलांचा गळा मात्र जरा वर मोकळा होतो. कीबोर्डच्या मधोमध असलेली पांढरी एक शोधा, म्हणजे दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी; तिथून उजवीकडे पांढऱ्या पट्ट्या मोजत जायच्या. तिच्या शेजारच्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंतच्या सुरांत बहुतेक मुलं आरामात गातात. त्याखाली उतरलं की त्यांचा आवाज बोलण्याच्या आवाजात शिरतो, सूर सुटतो आणि उरतो तो ठेक्यावरचा आरडाओरडा. त्यात आपण "अजून जोरात!" म्हटलं, की घसे ताणलेच म्हणून समजा.

गाणं तुम्हाला किंचित उंच वाटेल अशा सुरावर सुरू करा. आणि "हळू म्हणा" असं सांगू नका. मुलं आवाज कमी करण्याऐवजी लय कमी करतात आणि गाणं रेंगाळतं. "हलक्या आवाजात म्हणा" हे त्यांना नेमकं कळतं.

सरांची अडचण थोडी वेगळी. त्यांचा आवाज मुलांपेक्षा साधारण एक सप्तक खाली असतो. काही मुलं तोच सूर गाठायला जातात आणि घोगरी होतात. अशा वेळी पहिली ओळ सुरात गाणाऱ्या एखाद्या मुलाकडून म्हणवून घ्यावी, किंवा कीबोर्डवर सूर द्यावा.

"तू नुसते ओठ हलव"

कार्यक्रम कितीही तोंडावर आलेला असो, हे वाक्य कुठल्याही मुलाला म्हणू नका. "मला गाता येत नाही" असं ठामपणे सांगणारी मोठी माणसं भेटतात, तेव्हा त्यांना लहानपणी कुणीतरी हेच सांगितलं असेल का, असं मला वाटत राहतं. सूर मुळातच ओळखता न येणारी माणसं फार थोडी असतात. बाकीच्यांना आवाज वर कसा न्यायचा एवढंच सापडलेलं नसतं, आणि सहाव्या वर्षी ते न सापडणं अगदी स्वाभाविक आहे.

अशा मुलाला आपल्या सुरावर ओढण्याआधी तुम्ही त्याच्या सुरावर जा. ते जिथे गातंय तो सूर धरा आणि त्याच्याबरोबर एक ओळ म्हणा. दोन आवाज जुळल्यावर कसं वाटतं, हे त्याला पहिल्यांदा कळेल. मग एकेक सूर वर सरका. सायरनसारखा आवाज खालून वर नेण्याचा खेळही खूप उपयोगी पडतो, कारण त्यात चुकण्याची भीतीच नसते. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या शिक्षणपद्धतीत सुरुवातीची गाणी बहुधा प आणि ग या दोनच सुरांची असतात. हजेरी या दोन सुरांत घेऊन पाहा: तुम्ही नाव गायचं, मुलानं "हजर" गायचं. कोणाचा सूर कुठे आहे ते आठवड्याभरात तुमच्या कानाला कळेल.

स्पीकर लावला, काम झालं

ध्वनिमुद्रित गाणं मुलांसाठी थांबत नाही. शब्द तोंडात बसायच्या आत पुढचं कडवं येतं, मग मुलं ओळीचा शेवटचा शब्द तेवढा ओरडतात. आधी स्वतः गा, आवाज साधा असला तरी चालेल. ध्रुवपद दोनदा नुसतं ऐकवा, मग एकेक ओळ मागून म्हणवून घ्या. एका दिवशी एक कडवं पुरे. स्पीकर नंतर.

गाणं पाठ, पण पाढा येत नाही

चालीवर पाठ केलेलं मुलांना क्रमानंच आठवतं. "सात आठे?" विचारलं की मूल मनात सात एकेपासून गात येतं. इंग्रजी मुळाक्षरांच्या गाण्यात एल-एम-एन-ओ-पी इतकं भरभर येतं की कित्येक मुलांना तो एकच शब्द वाटतो. म्हणून गाणं पाठ झाल्यावर ते मधूनच सुरू करा, एखादा शब्द गाळून थांबा, शेवटी चाल काढून नुसतं विचारा. अक्षरं असतील तर गाताना बोट त्या-त्या अक्षरावर पडायला हवं.

मुलं वाचत किंवा लिहीत असताना मात्र शब्दांची गाणी बंदच ठेवा. गाण्यातले शब्द वाचनातल्या शब्दांच्या आड येतात.

आणि गाणं सुरू होताच कोणी कानांवर हात ठेवत असेल, तर त्याला स्पीकरपासून लांब बसवा, आवाज कमी करा आणि हलक्या टाळीनं ठेका धरायचं काम त्याच्याकडे द्या.