सलूनची दुसरी ब्रांच काढताय? आधी या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी पार्लर गच्च भरलेलं असतं, सोफ्यावर चार जणी, दोघी दारात चपला काढतायत, फोन वाजतोय, आणि अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "ताई आता दुसरी ब्रांच काढाच." सांगलीत विश्रामबागला माझं पार्लर आहे, तिथं हे मी बारा वर्षं ऐकतेय. एकदा ऐकलं आणि मिरजेत काढली पण. अकरा महिन्यांत बंद करावी लागली. डिपॉझिट, इंटेरिअर, दोन खुर्च्या, शाम्पू स्टेशन, एसी मिळून साडेचार लाख घातले होते, परत हातात आले सव्वा लाख. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण आपल्याकडं कितीतरी मुली याच वळणावर आहेत आणि त्यांचं असं नुकसान होऊ नये असं मनापासून वाटतं.

गर्दी बघून ठरवणं

शनिवार-रविवारची गर्दी सगळ्यांनाच दिसते, मंगळवारी दुपारी रिकाम्या खुर्चीवर बसून पोरी मोबाईल बघत असतात ते आपण मोजतच नाही. साधा हिशोब करा. तीन खुर्च्या, रोज दहा तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ७८० तास झाले. यातले किती तास खुर्चीवर खरंच गिऱ्हाईक होतं? मी महिनाभर वहीत लिहिलं तर माझे ३४० भरले, निम्मे पण नाहीत! अशा वेळी दुसरं दुकान घेऊन काय करणार, आधी मंगळवार ते गुरुवार दुपारचे तास भरा, त्या वेळेत येणाऱ्या शिक्षिका, बँकेतल्या मॅडम, कॉलेजच्या मुली यांना अपॉइंटमेंट लावून द्या. आणि वहीत अजून एक रकाना ठेवा, "परत गेल्या". जागा नाही म्हणून खरंच किती जणी परत गेल्या ते त्यात लिहा. माझ्या मते सलग पाच-सहा महिने शंभरातले पंचाहत्तर तास भरलेले आणि हा रकाना पण भरलेला, तरच पुढचा विचार करायचा.

सलग महिने का म्हणतेय, तर आपला धंदा मुहूर्तावर चालतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, मे महिन्यात श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि आषाढी झाली की चातुर्मासात मुहूर्त संपले, त्यात शाळेची फी, पाऊस. गौरी-गणपतीला जरा उठतं, पितृपक्षात परत शांत. जेंट्स सलूनवाल्या दादांना श्रावणात विचारा, दाढी-कटिंग बंद केलेली गिऱ्हाइकं किती असतात ते. गावाकडची गिऱ्हाइकं जास्त असतील तर ऊसबिल कधी जमा होतंय त्यावर पण गल्ला हलतो. मी काय केलं, मे महिन्याचा गल्ला बघितला आणि जूनला मिरजेचं शटर उघडलं. पहिलं गिऱ्हाईक टिकायच्या आतच पाऊस लागला.

ब्रायडलचे पैसे खुर्चीच्या हिशोबात धरणं

ही चूक फार जणी करतात. एका नवरीचे बारा-पंधरा हजार येतात, महिन्यात सहा नवऱ्या झाल्या की वाटतं पार्लर जोरात चाललंय. पण ते काम तुम्ही मंगल कार्यालयात, तुमच्या किटमधून, तुमच्या हातानं केलेलं असतं, दुकानाच्या खुर्चीचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते वेगळ्या पानावर लिहा. मग आयब्रो, वॅक्स, फेशियल, कटिंग, कलर यावर भाडं, पगार, लाईटबिल आणि तुमचा स्वतःचा पगार (हो, स्वतःचा पण धरायचा, गल्ल्यातून घरखर्चाला काढतो ते नाही) निघतोय का ते बघा.

तुम्ही नसलात तर दुकान चालतं का, हे न तपासणं

माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच. भावाच्या लग्नाला मी आठ दिवस विट्याला गेले होते. तेव्हा रोजचा गल्ला पाच-साडेपाच हजार असायचा. परत येऊन वही बघितली तर २१००, १८००, २३००, आणि सिनिअर पोरीनं प्रत्येक पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, "तिघी ताई नाहीत म्हणून गेल्या", "कलरवाल्या काकू पुढच्या आठवड्यात येते म्हणाल्या". ते पान माझ्याकडं अजून आहे. गिऱ्हाईक दुकानाचं नव्हतं, माझ्या हाताचं होतं, आणि हात तर दोनच. मिरजेत तेच झालं, मी तिकडं गेले की विश्रामबागचा गल्ला पडायचा, इकडं आले की तिकडचा.

यावर उपाय आहे पण त्याला वर्ष लागतं. नवीन गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा पोरीकडंच द्यायचं, आपण फक्त शेवटी बघायचं. प्रत्येकीचं कार्ड करायचं, कलरचा शेड नंबर, कलरमध्ये मिसळायचं डेव्हलपर २० वॉल्यूमचं की ३० चं (म्हणजे किती स्ट्राँग), किती मिनिटं ठेवलं, कशाची ॲलर्जी आहे. हे आपल्या डोक्यात असतं ते कागदावर आलं की दुसरी पोरगी पण तेच काम करू शकते. पोरी शिकून स्वतःचं पार्लर काढतात ही भीती खरी आहे, पण न शिकवता ब्रांच चालत नाही. पगारासोबत कामावर टक्केवारी दिली की पोरी टिकतात, हा माझा अनुभव.

जागा, कागद, कर

जवळच दुसरी ब्रांच काढू नका, शंभर फुटी रोडवर एक आणि दीड किलोमीटरवर दुसरी असेल तर तीच गिऱ्हाइकं दोन दुकानांत वाटली जातात, भाडं मात्र दुप्पट. सांगलीत नदीकडच्या भागात गाळा बघत असाल तर शेजाऱ्याला विचारा २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, भिंतीवरची खूण दाखवतील. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी बोअरचं असेल तर एकदा तिथं शाम्पू करून बघा, जड पाण्याला फेस कमी येतो आणि केराटिन (केस सरळ-मऊ करायची ट्रीटमेंट) केलेले केस लवकर खराब होतात. भाडेकराराचा लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी जागा सोडली तरी भाडं द्यायची अट) नीट वाचा, मी वाचला नव्हता, दुकान बंद केल्यावर पण दोन महिन्यांचं भाडं भरलं.

जीएसटीचं पण आधीच सीएला विचारा. सेवेच्या धंद्याला नोंदणीसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची मर्यादा आहे, आणि एकाच पॅनवर दोन्ही ब्रांचची उलाढाल एकत्र धरतात, त्यामुळे एकटं पार्लर खाली असतं आणि दोन मिळून वर जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवांवर १८ च्या जागी ५ टक्के झालाय, पण इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे इंटेरिअर आणि प्रॉडक्टवर भरलेला टॅक्स हा खर्चच धरायचा. मुद्रा लोनच्या किशोर गटात ५ लाखांपर्यंत मिळतं, हप्ता मात्र गिऱ्हाईक येवो न येवो चालू राहतो, म्हणून सहा महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला काढल्याशिवाय सही करू नका.

ब्रांच काढलीय आणि आता चालत नाही

आधी दोन्ही दुकानांच्या वह्या शेजारी ठेवा. जुन्याचा गल्ला पण पडलाय का? पडला असेल तर आधी जुनं सांभाळा, आठवड्यातले पाच दिवस तिथं बसा, नवीन ठिकाणी दोन दिवस फक्त अपॉइंटमेंट घ्या. जुनं नीट आहे आणि नवीन हळूहळू वाढतंय, दर महिन्याला थोडी का होईना नवीन नावं वहीत येतायत, तर थांबा, एक लग्नसराई बघा. पण चार महिने तीच तीच नावं दिसत असतील तर खुर्च्या आणि एसीला गिऱ्हाईक शोधायला लागा, मालकाला नोटीस द्या, डिपॉझिट कधी मिळणार ते लेखी घ्या. मी हे सातव्या महिन्यात करायला हवं होतं, अकराव्यात केलं.

आत्ता मी दर महिन्याला चार दिवस मुद्दाम सुट्टी घेते, चावी सिनिअर पोरीकडं असते. मागच्या महिन्यात त्या चार दिवसांचा गल्ला ४६००, ४१००, ३९००, ४८०० आला.