शैक्षणिक कर्ज: हप्ता बघून सही करू नका, आणि या बाकीच्या चुकाही टाळा

कॉलेजच्या कार्यालयात स्कॉलरशिपच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. दर प्रवेशाच्या हंगामात त्याच चुका समोर येतात, आणि बहुतेक वेळा सही होऊन गेल्यावर येतात.

सगळ्यात महाग चूक कर्जाची नसतेच, प्रवेशाची असते. 2024 च्या पावसाळ्यात एक वडील मुलीला घेऊन आले. राज्य सरकारने त्या वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींची फी माफ केल्याचं त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं होतं. एजंटाने सांगितलं, ‘सीट धरा, फी माफ होईल.’ सीट होती मॅनेजमेंट कोट्यातली. सवलत मात्र कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सगळं फाईलला नीट लावलेलं होतं, आणि एकही कागद कामाला आला नाही. कॅपमध्ये तिला शेजारच्या जिल्ह्यातलं कॉलेज मिळत होतं. एक फेरी थांबायला नको म्हणून ते सोडलं होतं. मुलगी माझ्यासमोर रडली, ते मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी शासन निर्णयाची छापील प्रत टेबलावरच ठेवतो आणि पात्रतेचा परिच्छेद पालकांना मोठ्याने वाचायला लावतो. कोणी फॉरवर्ड दाखवला की आधी शासन निर्णयाचा संकेतांक विचारतो. तो नसेल तर पुढचं वाचत नाही.

दुसरी चूक, ‘शिकत असताना काही भरायचं नाही’ याचा अर्थ ‘व्याज लागत नाही’ असा घेणं. एकदा कागदावर मांडून बघा. 4 वर्षांचा कोर्स, दर वर्षाच्या सुरुवातीला 2 लाख उचलले, दर 10 टक्के, आणि कोर्सनंतर 1 वर्षाची सूट. नुसतं सरळ व्याज धरलं तरी हप्ता सुरू होईपर्यंत 2 लाख 80 हजार साचतात. म्हणजे परतफेड 8 लाखांची नाही, 10 लाख 80 हजारांची. शक्य असेल त्या घराला मी दरमहा व्याज तरी भरा म्हणून सांगतो. काही बँका त्याबद्दल दरात 1 टक्का सूटही देतात, पण ती मागावी लागते.

हप्त्याचंही तसंच. 10 टक्क्यांनी 10 लाख 7 वर्षांत फेडले तर हप्ता साधारण 16,600 आणि एकूण परतफेड 13 लाख 94 हजार. 15 वर्षं घेतली तर हप्ता 10,750 च्या आसपास, पण परतफेड 19 लाखांच्या वर. छोटा हप्ता दाखवणाऱ्याला मुदत विचारा.

दोन कर्जांची तुलना मी एकाच कागदावरून करतो: की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च मांडणारा बँकेचा कागद. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर 2024 पासून तो द्यावाच लागतो, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यातला एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर, बघा. प्रोसेसिंग फी आणि कर्जासोबत चिकटवलेला विमा त्यात धरलेला असतो. त्या कागदातल्या अटी किमान 3 कामकाजाचे दिवस बदलता येत नाहीत, म्हणून तो घरी आणा. ‘आजच सही करा’ म्हणणाऱ्याच्या खुर्चीवरून मी पालकांना सरळ उठायला सांगतो.

विद्या लक्ष्मी हे शैक्षणिक कर्जाच्या अर्जाचं 2015 चं पोर्टल. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी ही विनातारण कर्जाची योजना वेगळी, आणि ती निवडक संस्थांपुरतीच आहे. आपलं कॉलेज यादीत आहे का, ते आधी बघा.

फ्लोटिंग, म्हणजे मुदतीत बदलत राहणाऱ्या दराचं कर्ज मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही. कोणी मागितलाच तर तसं लेखी द्यायला सांगा.

वडील सहकर्जदार असतील तर अर्जाच्या दोन महिने आधी त्यांचा सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारा स्कोअर, काढा.

आणि आयकरातली शैक्षणिक कर्जाची वजावट (1961 च्या कायद्यात कलम 80ई) फक्त व्याजावर, 8 वर्षांपर्यंत, तीही जुन्या करप्रणालीतच मिळते. काकांकडून घेतलेल्या उसन्या पैशांवर ती लागू नाही.