घोड्याच्या पोटाचा आणि कमरेचा ताण : दाबबिंदू शोधण्याची व दाबण्याची रीत

घोड्याचे पोट आणि कंबर या दोन गोष्टी वेगळ्या धरून चालत नाही. पोटात कळ असली की घोडा पोटाची भिंत आवळून धरतो आणि त्याबरोबर कमरेचे स्नायू ताठ होतात. उलट खोगिराने किंवा कामाने कंबर धरली, तर पोटाखालचा भागही ओढल्यासारखा कडक राहतो, तंग (खोगीर बांधण्याचा पोटपट्टा) आवळताना घोडा कान मागे टाकतो आणि खरारा कुशीपर्यंत पोहोचला की शेपूट झटकतो. मराठवाड्यात वरातीत नाचणाऱ्या घोडीच्या बाबतीत हे फार दिसते, कारण मागच्या दोन पायांवर उभे राहण्याचा सगळा भार कमरेच्या शेवटच्या मणक्यांवर आणि पुठ्ठ्यावर येतो. लग्नसराईत हे काम रात्रीमागून रात्री चालते.

अशा आखडलेल्या जनावराला हाताच्या दाबाने आराम देण्याची रीत चिनी पशुवैद्यकातून आलेली आहे. तिचे मूळ रूप सुया टोचण्याचे असून जगभरातील पशुवैद्य ते वापरतात, आणि १९७४ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल व्हेटरनरी ॲक्युपंक्चर सोसायटी ही संस्था त्याचे प्रशिक्षण देते. सुई टोचणे हा उपचार आहे आणि तो नोंदणीकृत पशुवैद्यानेच करावा. घोड्याच्या मालकाने किंवा त्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने करण्यासारखे आहे ते फक्त बोटांनी आणि तळव्याने दाब देणे. या लेखात तेवढेच सांगितले आहे.

या पद्धतीकडून किती अपेक्षा ठेवावी, हेही आधीच ठरवलेले बरे. घोड्यांच्या जुनाट पाठदुखीवर सौम्य विद्युतप्रवाहासह सुया लावून झालेल्या प्रयोगांत आराम पडल्याचे दिसले. मात्र एका प्रयोगात आतडे फुगवून मुद्दाम निर्माण केलेल्या तीव्र वेदनेवर तसा उपयोग झाला नाही. म्हणून माझा आग्रह असा, की दाबबिंदू आखडलेल्या स्नायूंसाठी वापरावेत, पोटशुळासाठी नव्हे.

आधी पोटशूळ नाही याची खात्री

घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे जठरात किंवा आतड्यात काही अडकले किंवा वायू साचला तर तो वरून बाहेर पडण्याची वाट नसते आणि दुखणे काही तासांत जिवावर बेतू शकते. घोडा वारंवार कुशीकडे वळून पाहत असेल, पुढच्या पायाने जमीन उकरत असेल, खाली बसून लोळत असेल, नाकपुड्या फेंदारून घाम गाळत असेल किंवा लीद टाकणे थांबले असेल, तर बिंदू शोधत बसू नये. जबड्याच्या कडेखालून जाणाऱ्या धमनीवर बोट ठेवून नाडी मोजावी. विश्रांतीत असलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते, आणि ती ६०च्या वर गेलेली असेल तर प्रकरण गंभीर समजावे. अंगाचे तापमान ९९.५ ते १०१.५ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असावा. वरच्या ओठाआड हिरडी बोटाने दाबून सोडली, तर तिचा गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. दोन्ही कुशींना कान लावून ऐकावे. निरोगी घोड्याच्या पोटात गुडगुड चालूच असते आणि कित्येक मिनिटे शांतता असणे वाईट लक्षण आहे.

यांपैकी काहीही बिघडलेले दिसले, तर तातडीने पशुवैद्याला बोलवावे. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, आणि परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. डॉक्टर येईपर्यंत चंदी (दाण्याचा खुराक) व चारा काढून घ्यावा. नळकांड्याने तेल, हिंगाचे पाणी किंवा काढा पाजण्याची सवय आपल्याकडे अजून आहे. ते द्रव श्वासनलिकेत उतरले तर फुफ्फुसाचा दाह होतो आणि पोटाचे दुखणे बाजूला राहून जनावर त्यानेच दगावते.

आणखी दोन आजार कमरेच्या आखडण्यासारखे दिसतात, आणि दोन्ही आपल्या भागात घडण्यासारखे आहेत. पहिला असा : घोडी चार-आठ दिवस पागेत उभी, चंदी मात्र पूर्ण, आणि मग एकदम रात्रभराची वरात. अशा वेळी पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे घट्ट होतात, घोडी पाऊल उचलत नाही, घाम फुटतो आणि लघवी गडद तपकिरी येते. तिला चालवूही नये आणि दाबूही नये. जिथे आहे तिथेच उभी ठेवून डॉक्टरांना बोलवावे. दुसरा प्रकार हिरवी, वाढीला लागलेली ज्वारी चरणाऱ्या घोड्यांत आढळतो. त्यात मूत्राशयाचा दाह होतो, लघवी थेंबथेंब गळून मागचे पाय भिजतात आणि चालताना मागचा भाग डुलतो. वाळलेल्या कडब्याने सहसा असे होत नाही. ही लक्षणे दिसली तर मागचा भाग लुळा पडण्याचे कारण नसांमध्ये असते आणि बोटांच्या दाबाने ते हलत नाही.

पूर्वतयारी

नुकतीच चंदी खाल्लेल्या किंवा काम करून आलेल्या घोड्यावर हात चालवू नये. तास-दीड तास जाऊ द्यावा. जमीन कोरडी व सपाट असावी. अगाडी-पिछाडी बांधलेल्या घोड्याला सैल होता येत नाही, म्हणून दोर सोडून ओळखीच्या माणसाने त्याला सैल हाताने धरावे. त्या माणसाने आणि दाब देणाऱ्याने घोड्याच्या एकाच बाजूला उभे राहावे, म्हणजे घोडा बिथरला तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकायला जागा मिळते. घोड्याच्या थेट मागे केव्हाही उभे राहू नये. नखे कापलेली असावीत आणि बोटांत अंगठी नसावी.

गाभण घोडीच्या कमरेच्या टोकावरील आणि मागच्या पायांवरील बिंदू दाबू नयेत. परंपरेत यांतील काही बिंदू गर्भावर परिणाम करणारे मानले जातात आणि इथे धोका पत्करण्याचे कारण नाही. ताप, ताजी जखम, गाठ किंवा खोगिराचे फोड असलेल्या जागीही हात लावू नये.

पाठ वाचणे

बिंदू दाबण्याआधी पाठ तपासणे हा या कामाचा अर्ध्याहून अधिक भाग आहे. खांद्यामागच्या उंचवट्यापासून पुठ्ठ्यापर्यंत, कण्यापासून सुमारे चार बोटे बाजूला, स्नायूंमधून एक उथळ पन्हळ जाते. चिनी पद्धतीत शरीरभर शक्तीचे मार्ग, म्हणजे वाहिन्या, मानल्या जातात. त्यांतील मूत्राशयाची वाहिनी याच रेषेत मानली जाते आणि आतील अवयवांशी जोडलेले पाठीवरचे बिंदू तिच्यावर येतात. तीन बोटांची अग्रे या पन्हळीत ठेवून, पिकलेला आंबा चाचपावा इतक्या दाबाने, हात न उचलता सावकाश मागे न्यावा. निरोगी पाठ दाबाखाली किंचित लवते आणि पुन्हा वर येते. दुखरी जागा आली की कातडी थरथरते, स्नायू बोटाखाली एकदम दगड होतो किंवा घोडा पाठ खाली चोरतो. एकदा दचकणे पुरावा मानू नये, कारण माशी बसली तरी तो दचकतो. त्याच जागी तिसऱ्या वेळीही तेच घडले तर ती जागा लक्षात ठेवावी. मग दुसरी बाजू तशीच पाहावी. दोन्ही बाजूंचा फरक बहुतेक वेळा एखाद्या कडक जागेपेक्षा जास्त सांगून जातो.

बिंदू कुठे असतात

घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या आणि बहुधा कमरेचे ६ मणके असतात. सगळे मोजमाप यांवरून चालते. तक्ते पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की जुनी चिनी पद्धत आणि माणसाच्या बिंदूंवरून घोड्यावर उतरवलेली पद्धत यांत पाठीवरच्या काही बिंदूंच्या जागा एक-दोन बरगड्यांनी पुढे-मागे होतात. म्हणून नेमक्या ठिपक्याचा हट्ट न धरता त्या भागातील सर्वांत दुखरी खळगी शोधणे व्यवहाराला धरून आहे.

शेवटच्या दोन बरगड्यांच्या फटीतून बोट वर कण्याकडे नेले, की ते पन्हळीत जिथे पोहोचते तिथे प्लीहेशी जोडलेला बिंदू, म्हणजे बीएल-२० (बीएल ही तक्त्यांतील मूत्राशयाच्या वाहिनीची खूण), येतो आणि शेवटच्या बरगडीच्या मागच्या कडेला जठराशी जोडलेला बीएल-२१ येतो. पचनाच्या तक्रारीनंतर पोट आवळून उभ्या राहणाऱ्या घोड्यात मी सुरुवात इथून करतो. तंगाच्या मागे पोटाची भिंत ताठ असेल, तर या जागी हलका दाब दिल्यावर कूस हळूहळू मोकळी होताना डोळ्यांना दिसते.

तिथून आणखी साधारण चार बोटे मागे, कमरेच्या दुसऱ्या व तिसऱ्या मणक्यांच्या मधल्या फटीच्या पातळीवर, बीएल-२३ आहे. हा मूत्रपिंडाशी जोडलेला बिंदू मानला जातो आणि कमरेच्या ताणासाठी सर्वाधिक वापरला जातो. खोगिराचा मागचा काठ बहुधा याच्या पुढेच टेकतो, त्यामुळे खोगीर लांब असेल किंवा मागे घसरत असेल तर ही जागा हमखास दुखरी सापडते.

यानंतरचा बाय-हुई हा एकच बिंदू मध्यरेषेवर येतो. कमरेच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या हाडांच्या मागच्या कडा जोडणारी रेषा मनात आखावी. ती पाठीच्या मध्याला जिथे छेदते, तिथे कंबर संपून त्रिकास्थी सुरू होते आणि बोट खळगीत उतरते. नाचणाऱ्या घोडीचा भार नेमका या सांध्यावर येतो. इथे बोट रोवण्यापेक्षा तळवा ठेवून ऊब द्यावी आणि मग तळव्याचाच संथ दाब द्यावा. बाय-हुईच्या दोन्ही बाजूंना तीन-चार बोटांवर जुन्या चिनी पद्धतीतील शेन-शू हा बिंदू येतो. बाय-हुईवर घोडा अस्वस्थ होत असेल तर तिथून सुरुवात करणे सोपे जाते.

मागच्या पायावरचा झू-सान-ली, म्हणजे एसटी-३६ (एसटी ही जठराच्या वाहिनीची खूण), पोटाच्या तक्रारींसाठी प्रसिद्ध आहे. मागच्या पायाचा गुडघा कुशीखाली पोटाला लागून असतो. त्याच्या वाटीपासून सुमारे एक हात-रुंदी खाली, नळीच्या हाडाच्या पुढच्या कडेच्या जरा बाहेरच्या बाजूला स्नायूंत एक खाच लागते, ती ही जागा. इथे पोहोचण्यासाठी एक हात आधी पुठ्ठ्यावर ठेवावा, मांडीवरून खाली सरकवत न्यावा आणि शरीर घोड्याला चिकटवून उभे राहावे. लाथ मारण्याइतके अंतर राहिले की लाथ लागते.

पोटाखाली, बेंबीच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन बोटांवर तियेन-शू, म्हणजे एसटी-२५, असतो. तो परंपरेने मोठ्या आतड्याशी जोडलेला आहे. पोट संवेदनशील असल्याने इथे फक्त सपाट तळवा ठेवावा आणि श्वासाबरोबर येणारी पोटाची हालचाल हाताला जाणवेपर्यंत थांबावे. नवशिक्याने हा बिंदू सोडला तरी फारसे बिघडत नाही.

दाब कसा द्यावा

अंगठ्याचा पेर किंवा दोन बोटांची अग्रे कातडीला काटकोनात ठेवावीत. आधी नुसता स्पर्श करावा, मग आपल्या शरीराचा भार किंचित पुढे झुकवून दाब वाढवावा. मनगटाच्या जोराने रेटू नये. घोड्याने स्नायू ताठ केला तर दाब वाढवण्याऐवजी निम्मा करावा आणि तो ढिला पडेपर्यंत वाट पाहावी. एका बिंदूवर अर्धा ते एक मिनिट पुरे होते. दुसरा हात जवळच शरीरावर टेकवलेला असावा, कारण स्नायूतील बदल बहुधा त्या रिकाम्या हाताला आधी कळतो.

सुटका झाल्याच्या खुणा बारकाईने पाहिल्या तरच दिसतात. पापण्या जड होतात, खालचा ओठ लोंबतो, घोडा जीभ फिरवून चघळतो, लांब उसासा टाकतो किंवा मान खाली सोडतो. काही घोडे जांभई देतात. असे झाले की बोट हळूहळू उचलावे. याउलट मान वर ताणली, शेपूट आवळली किंवा मागचा पाय उचलला, तर ती जागा सोडून पुढच्या भागाकडे यावे. क्रम पाठीवर पुढून मागे आणि शेवटी पायाकडे, आधी एक बाजू व मग दुसरी, असा ठेवावा. सगळे मिळून २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको. नंतर दहा मिनिटे सैल दोराने सावकाश चालवावे आणि पाणी द्यावे. त्या दिवशी खोगीर चढवू नये. एक दिवसाआड असे चार-पाच वेळा केले, की पाठ सुधारते आहे की नाही हे कळते.

ताण परत परत येण्याची कारणे

एकाच जागी दर आठवड्याला ताण सापडत असेल, तर कारण बोटांच्या आवाक्याबाहेर आहे असे समजावे. खोगीर काढल्यावर घामाचा ठसा पाहावा. सगळीकडे ओल आणि मध्येच हाताएवढा कोरडा पट्टा असेल, तर तिथे दाब पडतो आहे. तंगाखाली तुटलेले केस किंवा पांढरे पडलेले ठिपके हेही तेच सांगतात. मागचे नाल असमान असतील तर नालबंदाला दाखवावे. दातांच्या धारदार कडांमुळे चारा नीट चावला जात नाही, आणि उन्हाळ्यात पाणी कमी व कोरडा कडबा जास्त झाला की लीद घट्ट होऊन पोट आखडते. अंगावर काम नसले तरी मोठ्या घोड्याला दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी लागते, आणि टंचाईच्या महिन्यांत एका बादलीवर भागवणे त्याच्या आतड्याला परवडत नाही. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेसारख्या लांबच्या प्रवासात पाण्याची चव बदलली की काही घोडे पिणेच सोडतात. घरचे थोडे पाणी सोबत नेऊन त्यात नवे पाणी वाढवत गेले, की ही अडचण टळते.

पाठ तपासताना दुखरी निघालेली जागा, कोणती बाजू, कितव्या बरगडीच्या मागे, आणि त्या आठवड्यात घोड्याने कोणते काम केले, हे वहीत टिपून ठेवावे. चार-पाच वेळांनंतरही फरक नसेल, तर ती वही घेऊन पशुवैद्याकडे जावे आणि पाठीवर दुखरी निघालेली जागा घोडा समोर उभा करून बोट ठेवून दाखवावी.